एकोणीस क्रमांकाचं कडं

पक्षीगणनेसाठी ज्योती चौथ्या हिवाळ्यात लंकाबाईच्या होडीत बसली होती. शेवगावजवळ गोदावरीच्या फुगवट्यात पट्टकादंब हंसांचा थवा उतरला होता, पण दरवर्षी दिसणारा, अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात एकोणीस क्रमांकाचं कडं घातलेला पक्षी त्यात नव्हता. लंकाबाईनं वल्हं आडवं ठेवलं आणि पुढ्यातल्या नातवाचा सदरा वर केला. करदोड्याला तेच कडं होतं. “जाळ्यात गुतून मेलं हुतं, ताई. म्या न्हाई मारलं.” “मग हे इथं कसं?” “पोरगं दोन वर्षांचं झालं तरी पाय टाकत न्हवतं. तुमीच म्हनला हुता, ही पाखरं हिमालय वलांडून येत्यात. बांधलं, अन् आठ दिसांत चालाया लागलं. आता काढून नेनार का?” तिचा हात करदोड्यावरून हलला नव्हता. ज्योतीनं फॉर्मवर ‘मृत’ लिहिलं. ‘कडे परत पाठवले का?’ या रकान्यात ‘नाही’ भरलं आणि शेरा लिहिला: वापरात आहे.