चांदणीला धरणारे हात

वरातीत नाचणाऱ्या चांदणी घोडीच्या रक्तात दुसऱ्या तपासणीतही ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग निघाला, तेव्हा डॉक्टर मृणालनं तिच्या मालकाला, लतीफचाचांना, प्रयोगशाळेत बोलावलं.

“पण ती धडधाकट आहे, मॅडम. सकाळीच पोटभर हरभरा खाल्लाय.”

“या रोगाला औषध नाही, चाचा. तुमच्या नातवंडांनाही होऊ शकतो. तिला दयामरण द्यावं लागेल.”

मृणाल रोज मेलेली जनावरं तपासायची. जित्या जनावराचं मरण तिला पहिल्यांदाच सांगावं लागत होतं.

चाचांनी विचारलं, “तेव्हा तिला धरणार कोण?”

“आमची माणसं असतात.”

“नको. परक्या हाताला बुजते ती. मीच धरतो.”

मृणालनं रबरी हातमोजे त्यांच्यापुढे ठेवले. “मग हे घालावे लागतील.”

चाचांनी एक मोजा हातात चढवून पाहिला.

“यातून तिला माझा हात ओळखू येईल?”