हेल्वीच्या नावावरची घंटा

"पुन्हा तेच," हेल्वी म्हणाली. "म्हणे तुला परवानगी नाही. या चर्चच्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला, आणि हा डबा मला परवानगी विचारतो."

आउलिसने ओला कोट खुर्चीवर टाकला. कायानी शहरातून तो बर्फात गाडी चालवत आला होता. इथली घंटा आता संगणक वाजवायचा. दोर कधीच काढून टाकले होते. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल होती आणि ती चालवायला संगणकाचे मुख्य अधिकार लागत. ते आउलिसकडे; आसपासच्या सगळ्या चर्चचे संगणक तोच सांभाळायचा. त्यातला घंटेपुरता तुकडा त्याने हेल्वीच्या नावावर करून दिला होता, कारण चर्चची देखभाल तीच करायची. गेल्या आठवड्यात नवीन संगणक बसला आणि घंटा मुकी झाली. आज अकराला अंत्यविधी होता.

"मला सगळेच अधिकार देऊन टाक ना. कटकट मिटेल."

"आणि तू चुकून सगळ्या चर्चचं हीटिंग बंद केलंस तर?"

"प्रवचनं तरी आटोपशीर होतील."

आउलिस हसला. बऱ्याच दिवसांत तो कुणाशी समोरासमोर बोलला नव्हता. त्याचं काम फोनवर, पडद्यावर.

हेल्वीचं नाव बरोबर होतं, पासवर्डही बरोबर. मग त्याने परवानगीच्या नियमाची ओळ उघडली. तिला परवानगी होती ती जुन्या फोल्डरमधल्या स्क्रिप्टची. यंत्र बदलताना स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली होती, नियम मात्र जुन्याच पत्त्यावर राहिला होता. त्याने पत्ता बदलला. हेल्वीला काय काय करता येईल, ते यंत्राकडून वदवून घेतलं; त्यात आता घंटा होती. वाजवून बघता येत नव्हतं. अवेळी घंटा झाली असती तर सगळं गाव दचकलं असतं.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"विल्यो. जंगलात लाकूड तोडायचा. वृद्धाश्रमातच वारला. मागे कुणी नाही. फुलंही नगरपालिकेने पाठवलीत."

अकरा वाजले. हेल्वीने एकेक अक्षर जपून टाइप केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग डोक्यावर पहिला टोल पडला आणि खिडकीची काच थरथरली.

"चला, बोलली एकदाची," हेल्वी म्हणाली. "नीघ आता, बर्फ वाढतोय. घरी वाट बघत असतील."

"कुणी नाही बघत," आउलिसने साधेपणाने सांगितलं आणि कोट चढवला.

बाहेर पडायची वाट चर्चमधूनच होती. वेदीसमोर शवपेटी. दोन्ही बाजूंचे बाक शेवटपर्यंत रिकामे. तरुण पाद्रीबाई पुस्तक छातीशी धरून एकटीच उभी होती. त्याच्या बुटांचा आवाज ऐकून तिने चटकन मान वर केली.

"तुम्ही विल्योंचे नातेवाईक का?"

आउलिसचा एक हात दाराच्या कडीवर होता. वर टोल पडत होते.

"हो," तो म्हणाला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला.