नोंदीवरचा डाग

“पेन गळत होतं गं,” बाबा म्हणायचे. जन्मनोंदणीचे कारकून ते. तारेवर पाखरं बसावीत तसं अक्षर, पण माझ्याच नावावर शाईचा डाग! पुढे वह्या स्कॅन होऊन संगणकात गेल्या, तेही परदेशी कंपनीच्या. “आपली वही परक्याच्या कपाटात?” मला, सरकारी इंजिनिअरला, बाबांचा टोमणा. गेल्या वर्षी कंपनीने अचानक कुलूप घातलं. तीन आठवडे देशभर जन्मदाखले बंद. ते उघडल्यावर आम्ही या नोंदी ठेवायला देशाचं स्वतःचं माहितीकेंद्र उभारलं. यंत्रं आपली, कुलूप आपलं, किल्लीही आपलीच. आज पहिली नोंद उघडायची. बाबांना शेजारी बसवून मी माझंच नाव टाकलं. पान उघडलं, डागासकट. “मॅडम, डाग साफ करू?” सहकाऱ्याने विचारलं. “हात लावू नकोस!” बाबा गरजले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, “पेन धड होतं, बाळा. तुझं नाव लिहिताना मीच रडलो होतो.”