बुधवारची मधली सुट्टी

"सर, ऑनलाइन कोर्सला मधली सुट्टी? डबा काय स्क्रीनवर उघडायचा?" मी आखलेलं वेळापत्रक बघून तन्वी हसली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात हा कोर्स शिकवते; आखणी माझ्याकडे.

सोमवारी व्हिडिओ, शुक्रवारी स्वाध्याय. बुधवारची दुपार मी तरीही मोकळी ठेवली. 'मला झेपत नाही' म्हणत कोर्स सोडायला निघालेल्या दमयंतीला सांगितलं, "एवढा बुधवार थांब, मग जा."

बुधवारी स्क्रीनवर खरंच डबे उघडले. कुणीतरी विचारलं, "दमयंती, तुझ्या डब्यात काय गं?"

"झुणका," ती सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलली. मग चाचरत म्हणाली, "दुसरा धडा मलाच कळला नाही का?"

"मलाही नाही!" चार-पाच आवाज एकदम आले.

तन्वीनं मुकाट्यानं तिसरा धडा पुढच्या आठवड्यात ढकलला.

जाता जाता दमयंतीनं विचारलं, "सर, पुढच्या बुधवारी थालीपीठ चालेल?"