आडव्या सायकलीवरून ढाणकीला

सायकल पुन्हा डावीकडे कलली आणि नंदाबाईंनी घाईघाईनं पाय जमिनीला टेकवला. सीट धरून मागून चालणाऱ्या राजदीपनं हँडल सरळ केलं.

"पायाकडे नको पाहू आई. दूर पाह्य. जिकडं पाह्यशील तिकडं जाते हे."

सायकलच वेगळी होती. तिच्यावर आरामखुर्चीत रेलावं तसं पाठ टेकून पडायचं. पेडल खाली नाही, पुढं. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून राजदीपनं ती जुनी आणली होती. पुसदच्या त्यांच्या गल्लीत कोणी तिला खाट म्हणायचं, कोणी पाळणा.

नंदाबाईंचा जन्म सायकलवर गेला होता. ढाणकीकडच्या उपकेंद्रात नर्स असताना लसींचा डबा कॅरिअरला बांधून त्या तांड्यातांड्यांवर जायच्या. पुढं कंबर गेली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली. नवरा, गोविंदराव, वारल्यावर तर त्या दारातच बसून राहू लागल्या. राजदीप शेतीपंप दुरुस्त करायचा, कामासाठी सारखा उमरखेडच्या बाजूला असायचा. एका रविवारी टेम्पोतून त्यानं ही सायकल उतरवली. कुठवर जायचं ते तूच ठरव, म्हणाला.

"ढाणकी," नंदाबाई पटकन बोलून गेल्या.

त्यानं मान हलवली. तिथंच का, ते विचारलं नाही.

हिवाळाभर सराव चालला. आधी शाळेचं मैदान, मग नाल्यापर्यंतचा रस्ता, मग शेंबाळपिंपरीची वाट. मान आखडायची, बोटं बधिर व्हायची. राजदीपनं मानेमागं उशी बांधली, सीट थोडी उभी केली, ट्रकवाल्यांना दिसावी म्हणून मागं उंच काडीला निळा झेंडा लावला. चढावर उभं राहून जोर मारायची जुनी सवय इथं कामाची नव्हती. गिअर हलका करायचा आणि पाय नुसते फिरवत राहायचं. हळूहळू खांदे सैल सुटले. एके दिवशी नंदाबाईंच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळापासून आपण सायकलीचा विचारच करत नाही आहोत. आभाळ दिसत होतं, कडुनिंबाचे शेंडे दिसत होते, आणि कानात जुन्या तांड्यांवरच्या बायकांच्या हाका होत्या.

ढाणकीच का, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ढाणकीच्या पलीकडं एका तांड्यावर लालीबाई होती. नवरा साप चावून गेला तेव्हा ती पोटुशी होती आणि पदरात आधीच लेकरं. बाळंतपण नंदाबाईंनी केलं. बाळंतिणीला ताप चढला, दूध आटलं. नंदाबाईंना मूल नव्हतं. एका सकाळी लालीबाईनं आपल्या हातानं ते लेकरू त्यांच्या ओटीत ठेवलं.

"मोठं झालं का एक डाव आनून दाखवजा, बाई," एवढंच ती म्हणाली.

बाळाला लुगड्यानं पोटाशी बांधून नंदाबाई त्याच रस्त्यानं सायकलवर परतल्या होत्या. मग बदली मागून घेतली. हे पोराला कधी कळू द्यायचं नाही, असं गोविंदरावांनी बजावलं होतं, आणि त्यांच्या हयातीत नंदाबाईंनी ते पाळलं. आता पाळवत नव्हतं. पण घरात समोरासमोर बसलं की जीभ उचलत नसे. सायकलवर शेजारी शेजारी, नजर रस्त्यावर असताना, कदाचित जमेल असं त्यांना वाटत होतं.

माघात एके दिवशी उजाडताना दोघं निघाले. राजदीप त्याच्या साध्या सायकलवर, रहदारीच्या बाजूनं. कापसाचा शेवटचा वेचा चालला होता, हरभऱ्यावर दहिवर होतं. ओळखीचं वळण आलं की नंदाबाई सांगायच्या, इथं माझी चेन तुटली होती, त्या विहिरीवर एक म्हातारी मला थांबवून ताक पाजायची. तो ऐकून हसायचा. खरी गोष्ट मात्र प्रत्येक वळणाला पुढं ढकलली जात होती.

उमरखेडला चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला.

"राजू, तुले एक सांगायचं होतं."

"पोचल्यावर सांगजो आई," तो म्हणाला. "आता बोलशील तं दम लागंन. पुढं चढ हाय."

त्यांना सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली.

चढ आलाच. त्यांनी गिअर हलका केला, पाय फिरवत राहिल्या, न थांबता वर आल्या. ढाणकीचा बाजार मागं पडला तेव्हा ऊन तापलं होतं, पण कंबर दुखत नव्हती. तांड्याअलीकडच्या चिंचेखाली थांबायचं आणि बोलून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. पोरगा रागावून परत फिरला तर फिरला. आई म्हणणं सोडलं तर तेही सोसायचं.

चिंच दिसली तसा त्यांनी ब्रेक लावला. राजदीप थांबला नाही. पुढं निघून त्यानं तांड्याचं वळण घेतलं.

"राजू, थांब," त्या म्हणाल्या. तोवर तो वळणाआड गेला होता. त्यांनी जीव खाऊन पेडल मारले. सायकल कच्च्या वाटेवर हिंदकळत आत शिरली.

राजदीपची सायकल एका पत्र्याच्या घराच्या भिंतीला टेकवलेली होती. ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या बाईचे केस पिकले होते, पण नंदाबाईंनी तिला तेव्हाच ओळखलं. राजदीप तिच्यापुढं वाकला होता. नंदाबाई धडपडत सीटवरून उठल्या. आधी त्याला सांगावं की आधी तिला, त्यांना काही सुचेना.

लालीबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर हात फिरवला.

"दर खेपेले म्हनत होता, आनतो, आनतो," ती म्हणाली. "आनलं का शेवटी तुह्या आईले?"