भिंतीची ऊब

भट्टीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसायची म्हाताऱ्या पहारेकऱ्याची खोड काही जाईना. भट्टीचा इंजिनिअर त्यावरून चिडायचा. "अहो काका, ही ऊब काय फुकट येते? आतली उष्णता भिंतीतून गळते आणि कंपनीचं इंधन तुमची पाठ शेकण्यात जातं!"

"साहेब, ही भिंत आहे म्हणून तर हिवाळा निघतो," म्हातारा हसून म्हणायचा.

शेवटी इंजिनिअरने भट्टी बंद ठेवून आतून उष्णता अडवणारं जाडजूड अस्तर बसवून घेतलं. ऐन थंडीच्या लाटेत, संध्याकाळी ती पुन्हा पेटली. म्हाताऱ्याने भिंत चाचपली. "गार आहे अजून. पण पेटली ना? मग तापेल हळूहळू. बसतो मी."

इंजिनिअर गालातल्या गालात हसला आणि घरी गेला.

सकाळी तो मालकाला घेऊन मागच्या बाजूला आला. आत लोखंडाचं पाणी झालेलं, आणि बाहेर मालकाने भिंतीला हात लावला तर बर्फासारखी गार. "मानलं बुवा तुम्हाला!"

इंजिनिअरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात त्याला भिंतीला टेकून बसलेला म्हातारा दिसला आणि त्याचं डोकंच सणकलं. "काका, उठा! आता इथे काही मिळायचं नाही तुम्हाला!" म्हणत त्याने म्हाताऱ्याचा हात धरून ओढला.



हात भिंतीइतकाच गार लागला.