आबांना काहीच वाटलं नाही

नात जिन्यावरून गडगडली आणि तिचं कपाळ फुटलं. ती "आबा" म्हणून टाहो फोडत होती आणि दत्तोबा खाटेवरून नुसते बघत बसले. यंत्रमागावर धरलेल्या पाठीचं दुखणं त्यांनी चार वर्षं सोसलं होतं. पण आपल्याला काहीच वाटलं नाही, याने मात्र त्यांची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, मी दगड झालोय का? की वेड लागायला लागलंय?"

"दोन्ही नाही," बाई म्हणाल्या. "दुखणं आणि मन, दोन्हींचा कारभार मेंदूत बराचसा एकाच जागेवरून चालतो. इतकी वर्षं पाठ दुखत राहिली, त्यात मनही आजारी पडलं, म्हणून काही वाटेनासं झालंय. औषध आहे, गुण यायला महिनाभर लागेल."

"आणि तोवर पोर पुन्हा पडली तर?" त्यांनी विचारलं.

मुलीला टाके पडल्यापासून सून त्यांच्यावर मनातून धुमसत होती. आता तिने त्यांचा हात धरला. "तोवर मी आहे, आबा. तुम्ही फक्त हाक मारा."

"तेवढं तरी सुचेल ना गं मला?" ते म्हणाले.